रिनेमला मराठीत काय म्हणायचं

माझ्या अंगात धीर नाही. भात शिजेपर्यंत चार वेळा झाकण उघडून बघणारी मी. माय म्हणायची, "ही पोरगी पोटात व्हती तवापासून भाईर कवा यायचं म्हून लाथा मारायली." आणि गंमत बघा, अशा बाईच्या वाट्याला नोकरी आली ती तासन् तास ताटकळत ठेवणाऱ्या मशीनवर.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. परभणीच्या एका खाजगी हायस्कुलात मी गणित आणि विज्ञान शिकवायचे. पूर्णेहून रोज मीटरगेजच्या गाडीनं यायचं, संध्याकाळी परत. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर घरात मी आणि माय दोघीच. शाळेला सरकारच्या कुठल्याशा योजनेत कॉम्प्युटर मिळाले आणि ते शिकवायला कुणी पुढं येईना. म्हाताऱ्या सरांना शॉक बसायची भीती, तरण्या सरांना कामाची. मी सगळ्यांत नवीन, म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं आपलं बाकीचे म्हणायचे. मला तर दोन रात्री आनंदानं डोळा लागला नव्हता.

मशीन म्हणजे मळकट पांढरा टाइपरायटरसारखा डबा, वरच्या ओळीत लाल बटणं, समोर टीव्ही आणि बाजूला टेपरेकॉर्डर. प्रोग्राम कॅसेटमध्ये असायचा. कॅसेट लावली की खरखर, चींचीं, कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय असा आवाज. मग बसा वाट बघत. पोरं बाकावर, मी येरझाऱ्या घालत. अर्धा प्रोग्राम चढला की लाइट जायची. परभणीत लाइट तेव्हा जाण्यासाठीच यायची. पुन्हा पहिल्यापासून चींचीं. स्टाफरूममधनं कुणीतरी डोकावून विचारायचं, "बाई, याच्यावर मॅच दिसते का?" त्या मशीनबद्दल आमच्या शाळेतल्या गुरुजनांची जिज्ञासा एवढीच.

मी तेव्हा तात्पुरती होते. एप्रिलच्या शेवटी नोकरी संपायची आणि जूनमध्ये संस्थेची मर्जी असली तर नवा हुकूम निघायचा. सगळा उन्हाळा माझा जीव टांगणीला. माय जात्यापुढं बसून विचारायची, "आलं का गं काही?" आणि मी उगाच तिच्यावर खेकसायचे. त्या वर्षी मात्र संस्थेचे चिटणीस स्वतः म्हणाले, "बाई, जिल्ह्यातल्या शिक्षकांपुढं आपल्याला कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक करायचं आहे. ते नीट पार पाडा. तुमचा कायमचा हुकूम काढून टाकू." मी हो म्हणाले. जीव ओवाळून टाकायला सांगितलं असतं तरी हो म्हणाले असते.

प्रात्यक्षिक कशाचं? तर नव्या सोयींचं. शाळेला नुकताच डिस्क ड्राइव्ह मिळाला होता, आणि तो चालवायचा कसा हे शिकायला मला औरंगाबादला पाठवलं होतं. शिकवणारे साहेब सगळं इंग्रजीत बोलायचे. 'न्यू फीचर्स' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा आले की मला वाटलं हे कुणाचं तरी आडनाव आहे. पण सोयी खरंच भारी होत्या. कॅसेटवर एकदा दिलेलं नाव म्हणजे गोंदलेलं नाव, जायचं नाही. डिस्कवर मात्र फाइल क्षणात चढायची. यादी दिसायची, नक्कल निघायची, नको ती पुसता यायची. आणि रिनेम म्हटलं, जुनं नाव टाकलं, नवं नाव टाकलं, बटण दाबलं की फाइलचं नाव बदलायचं.

एकच खोट होती. नाव सात अक्षरांच्या आत बसवायचं. लांब झालं की मशीन ठणकावायची, "बॅड नेम." परत आल्यावर आठवीतल्या एका पोरीनं आपलं आडनाव टाकलं आणि रडकुंडीला आली. "बाई, मशीन माज्या नावाला वाईट म्हणायली." मी म्हणाले, "अगं येडे, लांब हाय म्हणायली. आपली परभणीबी बसत न्हाई हिच्यात." खरंच बसत नव्हती. इंग्रजीत आठ अक्षरं होतात. तेव्हा कुठं ती पोरगी हसली.

मला वेड लागलं ते रिनेमचं. मधल्या सुट्टीत दार लोटून घ्यायचे आणि एकाच फाइलचं नाव पुन्हापुन्हा बदलत बसायचे. नाव बदललं, यादी काढली, बघितलं. आतलं सगळं जसंच्या तसं. एक अक्षर हललेलं नाही, नाव तेवढं वेगळं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते, आणि कुणाच्या पोटात दुखलं नाही. का हसू यायचं आणि का पुन्हा तेच करावंसं वाटायचं, ते ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगावं लागणार नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. अठ्ठ्याहत्तर साली ठराव झाला, की आमच्या मराठवाड्याच्या विद्यापीठाला आमच्या बापाचं नाव द्यायचं. आमचा बाप म्हणजे कोण, हे आमच्याकडं विचारावं लागत नाही. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसं मेली. मग मोर्चे, लाठ्या, तुरुंग. मी कॉलेजात होते तेव्हा वर्गात बाकांच्या मधोमध रेघ ओढल्यासारखी पोरं वेगळी बसायला लागली होती. वर्षांमागून वर्षं गेली, ठराव आपला कागदावरच. आणि ह्या सगळ्याचं नाव एकच शब्द: नामांतर. चहाच्या टपरीवर तो शब्द निघाला की दोघंजण कप खाली ठेवायचे. आमच्या स्टाफरूममध्ये तो कुणी उच्चारतच नव्हतं. मी असले की तर नाहीच.

प्रात्यक्षिकाच्या आधी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, "मशीनला द्यायचे इंग्रजी हुकूम बघून मास्तर लोक बिचकतील. मराठीत मोठा तक्ता करा. शब्द मात्र शुद्ध हवेत. मराठीच्या सरांना विचारा."

मराठीचे सर म्हणजे एक वल्ली. इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा, निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. "माझ्या आईच्या भाषेत मला शिकू दिलं नाही हो," असं ते म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज चिरकायचा. त्याचा सूड म्हणून की काय, हा माणूस मराठी शब्द सोन्याच्या काट्यानं तोलायचा. कुणी 'टेबल' म्हटलं तरी कपाळाला आठी. राग आला की मात्र सगळं शुद्ध मराठी गळून पडायचं आणि अस्सल उर्दू बाहेर यायची. पोरं मुद्दाम चिडवायची त्यांना, ती ऐकायला.

मी त्यांच्यापुढं बसले. "पोरांना मी साधं सांगते, सर. चढवणं, ठेवणं, पुसणं."

"छे छे, बाई! हा काय धोब्याचा धंदा आहे? लिहून घ्या. लोडला भारण. सेव्हला जतन. यादीला सूची. डिलीटला विलोपन." सर खुशीत आले होते. "पुढं?"

"रिनेम. नाव बदलणं."

"नाव बदलणं हे वाक्य झालं, शब्द नव्हे." त्यांनी डोळे मिटले. "भाषा बदलली की भाषांतर. रूप बदललं की रूपांतर. स्थळ बदललं की स्थलांतर. तसं नाव बदललं की नामांतर. घ्या."

माझा हात थबकला. मी त्यांच्याकडं बघितलं. टोमणा आहे का? परीक्षा घेतायत का माझी? तर चेहरा अगदी देवळातल्या पुजाऱ्यासारखा निवांत.

"सर, हाच ठेवायचा?"

"का? काय वाईट आहे? निर्दोष शब्द आहे."

मी लिहिला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच. तक्ता मी स्वतः रंगवला, निळ्या ऑइलपेंटनं, आणि ती शेवटची ओळ रंगवताना ब्रश जरा जास्तच दाबला गेला. मग खोलीत तो टांगून मी चार पावलं मागं सरले, पुढं आले, पुन्हा मागं सरले. काढावा का? राहू द्यावा? पूर्णेला जाताना गाडीत बसवेना. दारात उभी राहिले आणि सगळा रस्ता स्वतःशी भांडत गेले. शुद्ध शब्द आहे. शाळेत मराठीच्या सरांचा शब्द शेवटचा. मग तुला बसवत का नाही गं?

प्रात्यक्षिकाच्या दिवशी खोली ठासून भरली. सेलू, जिंतूर, मानवत, कुठून कुठून मास्तर आले होते. देवगाव फाट्यावर बस बदलून आलेले काहीजण धुळीनं माखलेले. पुढच्या खुर्च्यांवर चिटणीस, मुख्याध्यापक, शिक्षण खात्याचे एक साहेब. मराठीचे सर दुसऱ्या ओळीत, आपला तक्ता भिंतीवर बघून प्रसन्न. लाइट चक्क होती. मला वाटलं, आज नशीब आपल्या बाजूचं दिसतंय.

मी सुरू केलं आणि एकदा सुरू केलं की मी कुणाची नसते. भारण दाखवलं, लोक पुढं वाकले. जतन दाखवलं. सूची काढली तेव्हा साहेब म्हणाले, "वा!" विलोपन केल्यावर तर एका मास्तरांनी विचारलं, "पोरांचे मार्क बी असे पुसता येतील का?" आणि सगळी खोली हसली. मी रंगात आले होते. 'चाचणी' नावाची फाइल होती, तिचं नाव 'सराव' करायचं होतं. तक्त्यावर पट्टी ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "आता बघा नामांतर."

खोलीतला पंखा तेवढा ऐकू यायला लागला.

मी बटण दाबलं. पडद्यावर नाव बदललं. कुणी पडद्याकडं बघतच नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं का? इतक्या लौकर?" त्यावर दोघंचौघं फिदीफिदी हसले. मग दुसरा एकजण खुर्ची सरकवून उभाच राहिला, "आमाला शिकाया बोलावलंय का परचार ऐकाया?" आणि अगदी शेवटच्या रांगेत दोन मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. कुठल्या गावचे, मला आजतागायत ठाऊक नाही. पण त्या टाळ्या पडल्या आणि जे व्हायचं ते झालं. खुर्च्या करकरल्या, आवाज चढले. साहेबांनी घड्याळ बघितलं. चिटणीस उठून म्हणाले, "बंद करा ते."

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघं. चिटणीस खुर्चीत, मुख्याध्यापक टेबलाला टेकून, मराठीचे सर दाराजवळ, मी मधे उभी. चिटणीसांचा आवाज गोड होता, तो नेहमीच गोड असायचा.

"बाई, मला फक्त एवढंच सांगा. हा शब्द कुणाच्या डोक्यातून निघाला?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी कानातला अत्तराचा बोळा काढला, बोटांत फिरवला, पुन्हा घातला. त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर खिळलेली. मी वाट बघितली. मला वाट बघता येत नाही, तरी बघितली. बोला ना, सर. दोन शब्द बोला. व्याकरण सांगा ह्यांना. सर तोंडात मूग धरून उभे.

मलाही सांगता आलं असतं. "माझा नाही, सरांचा आहे," की सुटले. खरंच होतं ते. कायमचा हुकूम टेबलाच्या खणात असेल-नसेल, पण माझ्या डोळ्यांपुढं होता. मायचे सुजलेले गुडघे डोळ्यांपुढं होते. 'माझा नाही' माझ्या ओठापर्यंत आलं, आणि त्याच घडीला माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नाही? नामांतर माझं नाही? मग कुणाचं आहे, ह्या चिटणीसाचं? कोणत्या तोंडानं म्हणू मी ते?

"माझा आहे," मी म्हणाले.

"वाटलंच होतं मला," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

दुसऱ्याच दिवशी त्या खोलीची किल्ली एका तरण्या सरांकडं गेली आणि आतून मॅचची कॉमेंट्री ऐकू यायला लागली. तक्ता काढून कपाटामागं उलटा कोंबला. मला पाचवीच्या वर्गांवर टाकलं. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं, बाहेर पडले की सुरू व्हायचं. एक बाई तेवढी कुजबुजली, "कशाला गं हात दाखवून अवलक्षण?" तिचं खरं होतं, आणि तिचा रागही आला. मला बसलं तर उभं राहावंसं वाटायचं, उभी राहिले तर चालावंसं. पाचवीच्या पोरांना बेरीज शिकवताना मधेच खडू फेकून द्यावा आणि त्या खोलीचं दार धाडकन उघडावं, असं रोज वाटायचं.

असेच काही दिवस गेले. एका संध्याकाळी परभणीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होते, तर मराठीचे सर सायकल ढकलत थेट प्लॅटफॉर्मवर. घामाघूम. मला वाटलं माफी मागायला आले.

"बाई, ये आपने अच्छा नहीं किया!"

"काय केलं मी?"

"लफ्ज मेरा था! मी दिला होता तुम्हाला. आणि तुम्ही चिटणीसांपुढं खुशाल 'माझा' म्हणून सांगितलात. उभा जन्म मी शब्दांत काढला, बाई, पण दुसऱ्याचा शब्द कधी आपला म्हटला नाही!"

आधी तर मला हसूच फुटलं. सायकलचं हँडल धरून हा म्हातारा तणतणतोय, आणि भांडण कशाचं, तर शब्दाच्या मालकीचं. मग मात्र माझी सटकली. "मग तवा तोंड शिवलं व्हतं का तुमचं? मी बघायले तुमच्याकडं, तुमी फोटोकडं बघायलात!"

सर बाकड्यावर बसले. सायकल तशीच आडवी पडली.

"भ्यालो," ते म्हणाले. "पेन्शन अडकवतात हो हे लोक. बायको आजारी आहे. भ्यालो मी." मग मान वर करून म्हणाले, "पण एक खरं सांगतो. तुमची शप्पथ. तो शब्द देताना मला बाकीचं काही दिसलंच नाही. मला फक्त समास दिसला."

आणि मला ते पटलं. हेच तर वाईट होतं. सगळा मराठवाडा ज्या शब्दानं दुभंगला, तो ह्या माणसाला नुसता समास दिसू शकत होता. ह्याच परभणीत राहून, तेच पाणी पिऊन.

"आमाला त्यात समास कधी दिसलाच न्हाई, सर," मी म्हणाले.

गाडी आली. सर उठले, सायकल उचलली. "उद्या सांगतो मी," असं म्हणून निघून गेले. मी विश्वास ठेवला नाही.

पण सांगितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मला बोलावणं आलं. खोलीत शिरले तर चहा आलेला. मुख्याध्यापक हसत होते, चिटणीस हसत होते, आणि सर खुर्चीत ताठ बसलेले, परीक्षा पास झालेल्या पोरासारखे.

"अहो बाई," चिटणीस म्हणाले, "शब्द सरांचा होता तर आधी नाही का सांगायचं? सरांचा म्हटल्यावर प्रश्नच मिटला. व्याकरणाचा शब्द आहे हो तो. आम्ही उगाच भलता अर्थ घेतला." त्यांनी शिपायाला हाक मारली आणि कपाटामागचा तक्ता पुन्हा भिंतीवर लावायला सांगितला. मग तरण्या सरांकडनं मागवून घेतलेली किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "आणि तुमचा हुकूम ह्याच महिन्यात काढतो. फक्त उद्या सगळ्या स्टाफपुढं दोन वाक्यं बोला. शब्द माझा नव्हता, गैरसमज झाला. विषय संपला."

शब्द तोच होता. निळा रंग तोच, अक्षर माझंच. माझ्या तोंडी होता तेव्हा प्रचार होता, सरांच्या तोंडी गेला आणि व्याकरण झाला. मला रडू नाही, संताप आला. सर मला डोळ्यांनी खुणावत होते: घ्या, किल्ली घ्या. भल्याच्या हेतूनं खुणावत होते बिचारे. आणि मला ती किल्ली हवी होती. किती हवी होती, काय सांगू! ती खोली, ती लाल बटणं, ती वेडी मशीन, सगळं हवं होतं मला.

"शब्द दिला सरांनीच," मी म्हणाले. "ते खरं बोलले. पण शब्द माझा हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तक्ता लावायचा असंल तर माझा म्हणून लावा. माझा न्हाई असं मी कुणाफुडं म्हणणार न्हाई."

चिटणीसांनी माझ्याकडं बघितलं. मग किल्ली उचलून परत खिशात टाकली. "जूनमध्ये येऊ नका, बाई," ते म्हणाले. आवाज तेव्हाही गोडच होता. सरांनी "बाई, कशाला..." एवढंच म्हटलं. तक्ता मात्र लावला चिटणीसांनी. सरांचा म्हणून.

घरी आले तेव्हा माय चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मला दम निघेना. चप्पल पायातच होती.

"माय, जूनपासून नोकरी न्हाई."

"काय केलंस?"

"एका शब्दावरून भांडण झालं."

"कोणत्या?"

सांगितला. मायचे हात परातीतच थांबले. आता ही कपाळ बडवून घेणार, असं मला वाटलं. घर चालायचं ते माझ्या पगारावर, तिचे गुडघे गेलेले, कामाला जाणं बंद. बोलून घ्यावं तिनं, चार शिव्या घालाव्यात, मी ऐकून घ्यायला तयार होते. तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिचा हा संथपणा बघून माझा जीव नुसता वरखाली व्हायला लागला.

"माय, काही बोल की!"

"तुज्या मावशीचं घर जळून गेलं त्या शब्दापायी," माय म्हणाली. "तुजी नुसती नोकरी गेली. बस, जेव."